एका गलबताच्या दोन जागा

तारीवाडीच्या समुद्रात एक गलबत बुडालेलं आहे, याबद्दल गावात दुमत नव्हतं. दुमत नसलेली तारीवाडीतली ती बहुधा एकमेव गोष्ट. ते गलबत कोणाचं, कुठून कुठे चाललं होतं, पोटात सोनं होतं की खजूर, यावर देवळासमोर बसून तीन पिढ्यांनी वाद घातला होता आणि एकाही पिढीला कंटाळा आला नव्हता. पण आता, संचिताच्या नशिबाने, ते गलबत नेमकं कुठे बुडालं यावरही दोन मतं झाली होती. आणि दोन्ही मतं तिच्याच घरातली होती.

झालं होतं असं. खोल समुद्रात पवनचक्क्या उभारणारी एक कंपनी होती. त्यांची वीज जाडजूड केबलमधून तारीवाडीच्या किनाऱ्यावर उतरणार होती. ती तारीवाडीत उतरून तारीवाडीत न थांबता पुढे जाणार, हे कळल्यावर गावाचा निम्मा उत्साह तिथेच ओसरला. उरलेला निम्मा मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये बैठकीला आला, कारण बैठकीला वडे होते.

कंपनीचा माणूस प्रीतम साळोखे, मूळचा कोल्हापूरचा. समुद्र त्याने नोकरी लागल्यावर पाहिला होता, पण नकाशा असा पसरायचा की जणू समुद्र त्यानेच भरला आहे. "केबल समुद्राच्या तळात चर खणून पुरणार," तो म्हणाला. "चर खणणारं यंत्र एकदा सुटलं की मधे काय आलं ते बघत नाही. त्यामुळं आधीच सांगा. जुनं जहाज, जुने दगडी नांगर, काय असेल ते. जागा दाखवा, आम्ही रेघ वळवतो."

हे वाक्य त्याच्या तोंडून काढायला संचिताला वर्ष लागलं होतं. लवू गिरपाची ही मुलगी पुण्याला जाऊन पाण्याखालच्या जुन्या वस्तूंचा अभ्यास करून आली होती आणि गोव्यात तेच शिकवायची नोकरी करत होती. या वर्षात तिने सरकारी कचेऱ्यांचे जिने झिजवले, कंपनीला पत्रांमागून पत्रं पाठवली, साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकांवर बसली. सगळीकडे उत्तर एकच. गलबत असेल तर वाचवू, पण कुठे आहे ते दाखवा. जागा नसलेलं गलबत वाचवायची सोय कुठल्याच कायद्यात नव्हती.

जागा तिला ठाऊक नव्हती. बापाला ठाऊक होती. बापाच्या होडीत बसून ती कधी मासेमारीला गेली नव्हती, तशी पद्धतच नव्हती. पण गलबत खरं आहे हे तिला लहानपणापासून माहीत होतं, कारण गलबताचे तुकडे घरात नांदत होते. आई मीठ ठेवायची ती बुटकी बरणी जाळ्यात आलेली. निळ्या काठाच्या ज्या वाडग्यात मांजर दूध प्यायचं, तो बघून शिकून आलेली संचिता मटकन खाली बसली होती. आणि अंगणाच्या कडेला, विहिरीजवळ, मधोमध भोक असलेला तो चपटा दगड. त्यावर तिची आई मथुरा रोज कपडे आपटायची. तो दगडी नांगर होता. दोन गड्यांनी मिळून उचलण्याजोगा, आजोबांच्या जाळ्याला अडकून वर आलेला. तसाच दुसरा दगड भिंतीपलीकडे धोंडूकाकाच्या विहिरीपाशी होता, आणि त्यावर काकी कपडे आपटायची. आजोबांनी जे दिलं ते दोघा मुलांना सारखं दिलं. भांडण मात्र त्या दोघांनी स्वतःच्या हिमतीवर उभं केलं.

तर बैठकीत लवू उठला, लुंगी सावरली, नकाशावर बोट ठेवलं आणि उजव्या कानाची पाळी चोळत म्हणाला, "ह्या बघा, साहेब. हंय. दक्षिणेक, लांब खडपाच्या खाली."

प्रीतमने लाल गोल काढला. संचिताचा ऊर भरून आला. तेवढ्यात मागच्या खुर्चीतून धोंडू उठला. होडीच्या वाटणीपासून तो धाकट्या भावाशी बोलत नसे, त्यामुळे तो छताकडे बघून बोलला.

"दक्षिणेक म्हणे! गलबत उत्तरेक आसा. खाडीच्या तोंडार. ज्येका म्हायत नाय त्येणा वडे खावचे आणि गप रवाचा."

"ज्येका वडे खावचे आसत त्येणा ते खावचे," लवूने पंख्याला सांगितलं. "गलबताच्या भानगडीत पडू नये."

प्रीतमने उत्तरेलाही एक लाल गोल काढला. "दोन जहाजं आहेत का?" त्याने विचारलं.

"एकच," अख्खा हॉल एका सुरात म्हणाला.

त्या रात्री जेवताना संचिताने बापाला धरला. "बाबांनू, काका उत्तरेक सांगतत. तुमी दक्षिणेक. खरां खंयचा?"

"मी तुका खोटां सांगीन काय गो?" लवूने दुखावलेल्या आवाजात विचारलं, आणि कान चोळला.

इथे खरं तर तिने ओळखायला हवं होतं. तारीवाडीत "आज खंय गावले?" या प्रश्नाला खरं उत्तर देणारा होडीवरचा तांडेल अजून जन्मायचा आहे. प्रश्न विचारायचा असतो आणि उत्तर खोटं द्यायचं असतं. पाहुण्याने "नको, पोट भरलंय" म्हणावं तशी ती रीत आहे, त्यात कोणाला पाप वाटत नाही. उत्तरेला मासा गावला की दक्षिणेला गावला म्हणायचं. दुसरी होडी जवळ येताना दिसली की जाळं पाण्यात सोडून इंजिनावर वाकायचं आणि पान्याने उगाच ठोकत बसायचं. बुडालेल्या गलबताच्या लाकडा-दगडांत तांबोशी आणि गोबरे असले भारी किमतीचे मासे घर करून राहतात, म्हणजे ती जागा साधी जागा नव्हे. चांगला तांडेल ती मरताना फक्त मुलाला सांगतो, तीही त्याची बायको खोलीबाहेर गेल्यावर.

पण ही पुरातत्त्वाची बाब, सरकारी नकाशा, स्वतःची मुलगी. इथे तरी बाप खरं बोलेल असं संचिताला वाटलं. शिक्षणाने माणूस भोळा होतो तो असा.

तुळशीची लग्नं झाली, समुद्र निवळला, आणि प्रीतम हसऱ्या तोंडाने गिरपांच्या पडवीत आला. मथुराने कोकम सरबत दिलं. त्याने नकाशा बाकड्यावर पसरला.

"मॅडम, आनंदाची बातमी. भांडायची गरजच नाही. आम्ही दोन्ही जागा सोडल्या. हा वरचा गोल, हा खालचा. दोन्हीकडून भरपूर अंतर ठेवून केबल बरोब्बर मधून काढली. दोघांचाही मान राहिला की वो!"

संचिताला क्षणभर वाटलं, इतकं सोपं होतं तर वर्ष कशाला गेलं? "मधे काय आहे? तुमच्या यंत्राने तळ तपासला ना?"

"तपासला की. खडक, वाळू. इथं मधोमध जरा सुट्या दगडांचा ढिगारा दिसतोय. लांबट. पण ते किरकोळ. यंत्र सरळ बाजूला सारेल. चर खणणारी बोट परवा सुटणार."

ठाण असा आवाज झाला. लवूच्या हातातून पेजेचं ताट खाली पडलं होतं. आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडून, जिथे कोणीच कान लावून बसलेलं नव्हतं असं नंतर शपथेवर सांगण्यात आलं, तिथून धोंडूकाकाला जोराचा ठसका लागला.

संचिताने बापाकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. मग नकाशावरच्या दोन गोलांकडे, आणि त्यांच्या मधोमध असलेल्या सुट्या दगडांच्या लांबट ढिगाऱ्याकडे. गलबताच्या पोटात तोल सांभाळायला दगड भरायचे. लाकूड कुजून गेलं तरी दगड गलबताच्याच आकारात पडून राहतात. हे ती स्वतः चार वर्गांना शिकवून आली होती.

प्रीतम सरबत संपवून गेला. मग संचिताने तोंड उघडलं.

"बाबांनू. ढिगारो मधी आसा."

"कसलो ढिगारो?"

"कान सोडा आधी!"

लवूने कान सोडला आणि ताट उचलायच्या निमित्ताने खाली वाकला तो वर येईचना. "माका काय म्हायत तो शहाणो मधनाच रेघ मारतलो म्हणान? मी म्हटलंय, दक्षिणेक सांगलंय तर उत्तरेन जातलो."

"आणि काकान उत्तरेक सांगलां! म्हणजे काकाकव जागा म्हायत आसा!"

याने मात्र लवू ताठ झाला. गलबत गेलं तर गेलं, पण हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. "त्येका? त्येका खंयसून म्हायत असतली?" तो भिंतीकडे तोंड करून ओरडला. "गो मथुरा, त्या घरात इचार, तेंका माझी जागा कोणी सांगल्यान?"

"माझी जागा!" भिंत म्हणाली. "गो मथुरा, तेका सांग, ती माझी जागा. लग्न जावच्या आधीपासून!"

मथुरा विहिरीवर त्या दगडावर चादर आपटत होती. तिने चादर पिळली, आपटली आणि दोन्ही घरांना एकदमच सांगितलं, "माका मधी घेव नको. इतकी वर्सां ह्येचो निरोप त्येका, त्येचो निरोप ह्येका. पोस्टातल्या बाईक निदान पगार तरी असता."

संचिताने सगळे उपाय केले. समजावलं: यंत्र गेलं की गलबत गेलं, गलबत गेलं की मासाही गेला, मग जागा कोणाची म्हणून भांडणार? लवू म्हणाला, हां, पण जागा सांगितली तर सगळा गाव जाळी घेऊन तिथे येईल, म्हणजे मासा गेलाच. तिने विचारलं, मला एकटीला सांगा. लवू म्हणाला, तुला सांगितलं की तू नकाशावर लिहिणार, नकाशा प्रीतमकडे, प्रीतम सोसायटीत, सोसायटी म्हणजे अख्खी वाडी. या साखळीत खोट काढायला तिला जागा नव्हती. तिने काकाचं दार ठोठावलं. काका म्हणाला, "माझ्या भावान सांगल्यान तर मी सांगतंय." हे तिने बापाला सांगितलं. बाप म्हणाला, "आधी त्येणा." ती प्रीतमला फोन करून म्हणाली, गलबत तुमच्या रेघेवर आहे. तो थंड आवाजात म्हणाला, "मॅडम, वडील म्हणतात दक्षिणेला, काका म्हणतात उत्तरेला, आता तुम्ही म्हणता मधे. माझ्या साहेबांना मी चौथी जागा कधी सांगू?" आणि त्यात त्याचं काही चुकलंही नव्हतं.

परवा बोट सुटणार होती. अशा वेळी माणूस देवाचा धावा करतो. संचिता देवाच्या माणसाकडे गेली.

गणपत गावकार सत्तरी ओलांडलेला, सुकट, कानांत केस वाढलेला म्हातारा. गावाच्या वतीने रवळनाथाशी बोलण्याचा मान त्याच्या घराण्याचा. बोट समुद्रात लोटायची, नवी विहीर खणायची, मुलाला मुंबईला पाठवायचा, तारीवाडीत काहीही सुरू होण्याआधी गणपत नारळ हातात धरून देवापुढे गाऱ्हाणं घालतो आणि गाव मागून "होय म्हाराजा" म्हणतो. कंपनीनेही पहिल्या दिवशी नाइलाजाने गाऱ्हाणं घालून घेतलं होतं, कारण त्याशिवाय होडीवर एक माणूस चढेना. बोट सुटायच्या सकाळी पुन्हा गाऱ्हाणं होतंच.

"गणपतआजा," संचिता म्हणाली, "गाऱ्हाण्यात त्या गलबताचीय राखण मागा. त्येका धक्को लागू नये म्हणान."

"मागतंय की."

"पण मगे जागा सांगूक व्हयी ना देवाक? खंयच्या गलबताची राखण ता?"

गणपतच्या कानांतल्या केसांमागून विचार आत जायला वेळ लागायचा, पण गेला की मुक्काम करायचा. मग तो तोंडात उरलेल्या दातांनी हसला. "चेडवा, शाळा फुकट गेली नाय हा तुझी."

बोट सुटायच्या दिवशी सकाळी देवळात गाव जमला. प्रीतम डोक्यावर रुमाल बांधून, चपला बाहेर काढून, पुढच्याच रांगेत हात जोडून उभा होता. लवू एका खांबाशी, धोंडू दुसऱ्या खांबाशी. गणपतने नारळ उचलला.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आज ही परमुलखातली लेकरां तुझ्या दर्यात बोट घालूक निघाली आसत. कामाक इली आसत, पोटासाठी इली आसत. तेंच्या यंत्राक, तेंच्या वायरीक, तेंच्या हाताबोटांक काय एक होव नये!"

"होय म्हाराजा!" प्रीतमचा आवाज सगळ्यांत मोठा.

"आणि तुझ्या दर्यात कोणाचा तरी गलबत निजलेला आसा. त्येका कोणाचो पाय लागू नये, त्येची राखण कर. ता गलबत खंय आसा म्हणशीत, तर—"

"होय महाराजा!" प्रीतम म्हणाला, एकटाच. शेजारच्या बाईने त्याला कोपराने ढोसलं.

गणपत थांबला. वळला. नारळ तसाच हातात. "लवू, सांग."

लवूने इकडेतिकडे पाहिलं, जणू देवळात आणखी एखादा लवू असावा. "काय सांगू?"

"जागा."

"देवाक म्हायत आसा."

"देवाक म्हायत आसा रे. पण त्येच्या गळ्यात बारा वाड्यांचा काम आसा. नीट सांगूक नाय तर तो खंय शोधीत फिरात? उद्या भलत्याच खडपाची राखण करीत बसलो, तर दोष कोणाचो?"

"मी त्येच्या कानात सांगतंय."

"गाऱ्हाणां कानात घालतत?" गणपतचा आवाज चढला. "गाऱ्हाणां म्हणजे काय फोन आसा? गावासमोर मागूचा, गावान होय म्हणूचा, तेवा ता लागता. नायतर नारळ फुटणां नाय. आणि नारळ फुटलो नाय तर बोट सुटणां नाय."

प्रीतमने घाईने घड्याळ पाहिलं. लवूचा हात उजव्या कानाकडे निघाला. मग त्याने समोर देवाच्या पाषाणाकडे पाहिलं, आणि हात अर्ध्यातच खाली आला. माणसाला खोटं सांगणं वेगळं. तिथे रीत होती, रिवाज होता. इथे, नारळ वर धरलेला असताना, दक्षिणेक म्हणायची लवू गिरपाची छाती नव्हती. आणि गप्प बसून राहावं तर अख्ख्या गावाला कळत होतं, का गप्प बसला आहे ते.

दुसऱ्या खांबाशी धोंडू खुशीत होता. इतका खुशीत, की त्याला राहवलं नाही. "तो काय सांगतलो! त्येका खंय म्हायत आसा!"

"मगे तू सांग, धोंडू," गणपत म्हणाला.

धोंडूची खुशी जागच्या जागी आटली.

संचिता बायकांच्या रांगेत उभी होती. दोन प्रौढ माणसं, समुद्रात वादळाला तोंड देणारी, एक वाक्य बोलायला घाबरत होती. तिला ओरडावंसं वाटलं. तिने ओरडायला तोंड उघडलंसुद्धा, पण मथुराने तिचा हात दाबला. "गप रव. शिजता आसा."

आणि शिजलं. धोंडूला गप्प झालेला पाहून लवूचं डोकं सटकलं. खोटं बोलता येत नव्हतं, गप्प बसता येत नव्हतं, आणि वर हा सांगतो की मला माहीत नाही!

"माका म्हायत नाय? माका?" तो खांब सोडून पुढे आला आणि थेट भावाच्या तोंडाकडे बघून ओरडला, वाटणीनंतर पहिल्यांदाच. "आयक मगे! देवळाची दीपमाळ तारीच्या माडामागे लपली, की थंय थांब. मगे डावीकडे बघ. काळ्या खडपाच्या मागसून पांढरी वाळू डोळ्याएवढी दिसाक लागली, की—"

"—की नांगर टाकू नको," धोंडू म्हणाला. त्याचा आवाज एकदम हलका झाला होता. "खाली कोणाचा तरी घर आसा."

ते शब्द कोणाचे होते हे म्हाताऱ्या माणसांना कळलं, कारण गिरपांचा म्हातारा असाच बोलायचा, शेवटी थोडा थांबून.

"तुका कोणी सांगल्यान?" लवूने विचारलं.

"बाबान. तुका?"

"बाबानच." लवू म्हणाला. "तुका सांगू नको म्हणालो."

"माकाव. लवूक सांगू नको म्हणालो."

म्हाताऱ्याने जागासुद्धा वाटून दिली होती. अर्धी नाही, दोघांना पुरी. आणि वर दोघांनाही असं समाधान ठेवलं होतं की आपल्याला जास्त मिळालं.

संचिताच्या डोळ्यांत पाणी आलं. पण गणपतला असल्या गोष्टींसाठी वेळ नव्हता. हात अवघडला होता. "—त्या जागेची राखण कर रे म्हाराजा! अरे म्हणा रे होय!"

"होय म्हाराजा!" गाव गरजला, आणि नारळ फुटला.

प्रीतमने चर खणायचं थांबवलं, आणि लवूच्या होडीत त्या दिवशी धोंडू बसला. दीपमाळ लपली, वाळू डोळ्याएवढी दिसली, आणि इंजिन बंद करून दोन भाऊ एकदमच म्हणाले, "हंय." कंपनीचे पाणबुडे खाली गेले. वर आले तेव्हा कॅमेऱ्यात दगडांची लांब रास होती आणि तिच्या कडेने आडव्या पडलेल्या बुटक्या बरण्या, आईच्या मिठाच्या बरणीच्या बहिणी. गळ्यापर्यंत वाळूत रुतून, एका ओळीत. संचिता तो पडदा हातात धरून होडीत बसून राहिली. प्रीतम मात्र साहेबांना फोनवर सांगत होता की हे मी आधीच ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे संचिता किनाऱ्यावर आली तर समोर गलबताच्या जागी तारीवाडीच्या झाडून सगळ्या होड्या उभ्या. तांडेल इंजिनावर वाकून पान्याने ठोकत होते. एकाच रात्रीत सगळ्या गावाची इंजिनं नेमकी तिथेच बिघडली होती. तिने कपाळावर हात मारला आणि सरकारी कचेरीला फोन लावला. तिकडून तरंगते बोये यायचे होते, जाळी टाकायला बंदी यायची होती, फलक यायचा होता. कधी, ते विचारू नका. तोवर राखण देवावरच होती, आणि देवाला निदान जागा तरी ठाऊक होती.

"खूश ना?" लवू घरी म्हणाला. बंदी आली की त्याचीही जागा जाणार होती, आणि तो तिला हे विसरू देणार नव्हता. "बापाशीची जागा सरकाराक दिलंस. आता खा तांबोशी. नकाशातली."

"मी दिलंय? देवळात बोंब कोणी मारल्यान?"

"दादान माका चिडयल्यान म्हणान!" पण तो दादा म्हणाला होता, आणि भिंतीपलीकडून त्यावर कोणी काही बोललं नाही. उलट थोड्या वेळाने काकी भाकऱ्या घेऊन आली, आणि मथुराने निरोप्याच्या नोकरीतून सुटल्याचा सुस्कारा टाकला.

आठवडा गेला. प्रीतम नवा नकाशा घेऊन पुन्हा पडवीत आला. या वेळी लवू आणि धोंडू एकाच बाकड्यावर बसले होते, मधे पानाचा डबा.

"गलबताला पूर्ण वळसा घातलाय," प्रीतम म्हणाला. "नवी रेघ अशी, दक्षिणेकडून, लांब खडकाच्याही खालून. आता फक्त एवढंच सांगा, या पट्ट्यात काही आहे का? जुनं काही? जाळी अडकतात असं काही?"

दोघं भाऊ नकाशावर वाकले. बराच वेळ बघितलं. मग एकमेकांकडे पाहिलं नाही, अजिबात पाहिलं नाही, आणि एका सुरात म्हणाले,

"काय एक नाय. नुसतो चिखल."

"नक्की ना?"

"चिखल," धोंडूने ग्वाही दिली.

"गुडघाभर," लवूने भर घातली.

प्रीतम खूश झाला. या घरात पहिल्यांदाच दोन माणसांचं एकमत झालं होतं. त्याने पेन काढलं.

संचिता दारात उभी होती. तिने बापाच्या उजव्या कानाकडे पाहिलं. मग काकाच्या उजव्या कानाकडे पाहिलं. दोन हात, दोन पाळ्या, एकाच लयीत चोळणं चाललं होतं. हेही म्हाताऱ्याने दोघांना सारखंच दिलेलं दिसत होतं.

"साळोखे, पेन ठेवा खाली," ती म्हणाली. मग तिने आत तोंड करून हाक मारली, "आये, घरात नारळ आसा मा?"

"आसा," मथुराचा आवाज आला. तिला बाहेरचं काही दिसत नव्हतं, पण तिने या घरात उभं आयुष्य काढलं होतं. "चार सोलून ठेवलंय. घेवन जा."